चहाच्या ग्लासवरची चकती

आत्या रोज सकाळी शेडमध्ये शिरायची ती नाक मुरडूनच. रेझिनच्या वासाने नव्हे. अठ्ठावीस वर्षांत तो वास तिच्या नाकाला कळेनासा झाला होता. नाक मुरडायचं ते आतल्या माणसांना बघून. कुणी रोलर उलटा धरलेला असायचा, कुणी काचधाग्यांची मॅट कापताना कात्रीपेक्षा तोंड जास्त चालवत असायचा, कुणी डब्यात हार्डनर ओतून घड्याळाकडे न बघता ढवळत बसलेला असायचा. "अरे ठोंब्या, ढवळतोस काय? दहा मिनिटांत त्या डब्याचा दगड होईल, तोच घालीन तुझ्या डोक्यात. दगडावर दगड," असं म्हणून ती पुढे जायची. कामगार हसायचे. ज्याच्या वाट्याला शिवी आली तोही हसायचा, कारण न हसणाऱ्याला लगेच दुसरी मिळायची.

ही शेड तिने आणि तिच्या थोरल्या भावाने मिळून उभी केली होती. भाऊ नकाशे काढायचा आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा. गोड बोलणं हे हलक्या कामांत मोडतं असं बहिणीचं मत होतं. ती साच्यापाशी उभी राहून हाताने टाक्या घडवायची. काचेच्या धाग्यांच्या आणि रेझिनच्या, ॲसिड साठवायच्या, माणूस आत उभा राहील एवढ्या टाक्या. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायची, "माझ्या मापाचा साचा मिळाला नाही." वहिनी लवकर गेली तेव्हा सहा वर्षांचा भाचा तिच्या पदरात पडला. त्याला तिने न्हाऊ घातलं, शाळेत सोडलं, तापात त्याच्या उशाशी बसली, आणि या सगळ्यात त्याचं एकदाही कौतुक केलं नाही. कौतुकाने माणूस नासतो, असं ती म्हणायची. कौतुकावाचून माणसाचं काय होतं, याचा विचार तिने केलेला दिसत नाही.

भाऊ गेल्यावर डिग्री घेऊन आलेल्या भाच्याने शेड हातात घेतली आणि पहिलं काम काय केलं, तर स्वतःची कार्डं छापली. त्यावर नावाखाली 'डायरेक्टर' असं लिहिलेलं. आत्याने कार्ड दोन बोटांत धरून उजेडाकडे केलं. "कागद चांगला आहे," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून ती त्याला सगळ्यांसमोर डायरेक्टरसाहेब म्हणायला लागली. "डायरेक्टरसाहेब, रोलर पाण्याने धुवायचा नसतो." "डायरेक्टरसाहेब, तो डबा रिकामा आहे, त्यात डोकावून कंपनी मोठी होत नाही." भाचा तेहतीस वर्षांचा होता, डोक्यावरचे केस विरळ झाले होते, आणि आत्या समोर आली की त्याचा हात अजून शर्टाची बटणं तपासायला जायचा.

बाईच्या हातात कसब होतं, हे मात्र मान्य करायलाच हवं. फायबरची टाकी मजबूत कशी होते, हे बाहेरच्या माणसाला विचारा. तो सांगेल, काच घाला, भरपूर घाला, जेवढी काच जास्त तेवढी टाकी भक्कम. या एका समजुतीपायी आत्याने अर्धं जग मूर्खात काढलं होतं. चांगलं रेझिन ॲसिडला वर्षानुवर्षं दाद देत नाही. ॲसिड खातं ते काचेला. धाग्यातलं सत्त्व शोषून घेतं. मग तो धागा दिसायला धागाच राहतो, पण जरा ताण आला की कट्कन तुटतो. म्हणून टाकीच्या आतल्या अंगाला काच जवळजवळ नसतेच. तिथे कागदासारखा पातळ टिश्यू आणि त्यावर भरपूर रेझिन, मध्ये एकही बुडबुडा न ठेवता. वजन पेलणारी काच त्याच्या मागे, झाकलेली. ती आतली साय शाबूत आहे तोवर टाकी शाबूत.

हा सायीचा थर आत्या दुसऱ्या कुणाला लावूच द्यायची नाही. स्वतः लावायची, बोटांनी चाचपून बुडबुडा शोधायची, सापडला की फोडायची. टाकी तयार झाली की आत दिवा सोडून बाहेरून बघायची. निरोगी भिंत मधासारखी उजळायची. दोष असेल तिथे पांढुरकं दिसायचं. मग खिशातलं जुनं नाणं काढून भिंतभर टकटक करत आवाज ऐकायची. "माझं काम मी अंधारात हात लावून ओळखीन," म्हणायची, आणि ती थाप नव्हती.

पण हे सगळं का करायचं, ते तिने कुणाला कधी सांगितलं नाही. विचारणाऱ्याला तिचं उत्तर ठरलेलं: "कळत असतं तर विचारलं नसतंस. आणि कळत नाही, तर सांगून काय उपयोग?" या वाक्यापुढे भलेभले गप्प व्हायचे. आत्याला वाटायचं ते आपल्या हुशारीपुढे गप्प झाले. मूर्ख वाक्यालाही उत्तर नसतं, हे तिला कोण सांगणार?

तिचा सगळ्यात लाडका किस्सा असाच एका विचारणाऱ्याचा होता. तीन वर्षांपूर्वी जेवणाच्या सुटीत फाटकातून एक किडकिडीत माणूस आत आला. कुठल्याशा कारखान्यातला फिटर. टोपी हातात, बोलताना अडखळणारा. म्हणाला, फायबरच्या टाकीला पाइपसाठी भोक पाडलंय, तर त्याच्या कापलेल्या काठाला काही करावं लागतं का? पिशवीतून त्याने ड्रिलने कापून निघालेली गोल चकतीही काढून दाखवली. आता सुटीची वेळ, सगळी शेड जेवायला बसलेली, एवढे प्रेक्षक समोर. अशा वेळी आत्या साधं उत्तर देईल अशी आशा करणारा माणूस भोळाच म्हणायचा.

"काय करायचं म्हणजे? त्यात बोट घालून बस," ती म्हणाली.

लोकांना हसताना ठसका लागला. तो माणूसही थोडा हसला, खरं उत्तर येईल म्हणून जरा वेळ थांबला, आणि मग टोपी घालून निघून गेला. चकती तिथेच राहिली. आत्याने ती आपल्या चहाच्या ग्लासवर झाकण म्हणून ठेवून बघितली, तर अगदी मापात बसली. तेव्हापासून नवा कामगार आला की चहाच्या वेळी ती चकती उचलायची आणि किस्सा सांगायची. अडखळणाऱ्या माणसाची नक्कल तिला झकास जमायची. चकतीच्या एका बाजूला कसलासा रंग होता, तो हात लागून लागून पिवळा पडला. दुसऱ्या बाजूला चहाचे डाग पडले. तीन वर्षं ती आत्याच्या हाताखाली होती.

आता ज्या टाकीची ही गोष्ट आहे तिच्याकडे येऊ. किश्शाच्या आदल्या वर्षी एका पत्र्याच्या कारखान्याने टाकी मागवली होती. तिथे लोखंडी पत्रे ॲसिडमध्ये बुडवून त्यांचा गंज काढायचे, त्या ॲसिडची टाकी. आत्याने नेहमीसारखी घडवली. पाठवायच्या आदल्या दिवशी कारखान्याच्या मॅनेजरचा फोन आला: मोठे साहेब पाहणीला येणार आहेत, सगळं पांढरंशुभ्र दिसायला हवं, टाकीसुद्धा. भाच्याने लगेच रंगारी बोलावला आणि वर गिऱ्हाइकाला सांगितलं की रंग आमच्याकडून भेट. आत्या जेवून परत येते तर टाकी पांढरी.

रंग दिला की भिंतीतून आरपार दिसणं बंद. मग ना आतल्या ॲसिडची पातळी कळणार, ना उद्या भिंतीत पडलेला दोष. हे एक वाक्य बोलली असती तर भाच्याने तिथल्या तिथे रंग पुसून काढला असता. पण वाक्य वाया घालवेल ती आत्या कसली! "लावा रंग. ओठांनाही लावा," म्हणाली आणि हात धुवायला गेली. भाच्याने रंगाऱ्याला दुसरा हात मारायला सांगितलं.

चार वर्षांनी त्या मॅनेजरचा पुन्हा फोन आला. टाकीवर एक रेघ उमटली आहे, जरा बघून जा. भाच्याने टेम्पोत ग्राइंडर, मॅटचा गठ्ठा आणि रेझिनचा डबा टाकला आणि आत्याला म्हणाला, "तू नुसती बघ. बोलायचं काम मी करीन." आत्या टेम्पोत चढता चढता म्हणाली, "हो बाबा. बोलण्याची डिग्री तुझ्याकडे आहे."

कारखाना बाहेरून देखणा होता. दाराशी कुंड्या, भिंतींवर सुरक्षेच्या पाट्या, पाट्यांखाली गंजलेले खिळे. मॅनेजर दारातच भेटला. कडक इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला तीन पेनं. आत माणूस असावा असा अंदाज करता येत होता. तो बोलत होता भाच्याशी आणि बघत होता घड्याळाकडे. त्याच्या मागे दोन पावलं अंतर ठेवून कारखान्याचा फिटर चालत होता, डोळ्यांवर मोठा चष्मा, डोक्याला टोपी. आत्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. फिटरने मात्र आत्याकडे पाहिलं, आणि मग खाली मान घातली.

टाकी उघड्या जोत्यावर उभी होती, आठ हजार लिटरची, गळ्यापर्यंत भरलेली. तिच्या पोटाशी, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक पाइप आत शिरला होता आणि तिथून एक पारदर्शक नळी उभी वर गेली होती. त्या पाइपाच्या मुळापासूनच रेघ निघाली होती. केसाएवढी बारीक, सरळ वर, माणसाच्या छातीपर्यंत. मुळाशी रंगाला किंचित घाम सुटला होता.

"ही नळी कसली?" आत्याने विचारलं.

"पातळी बघायला," मॅनेजर अभिमानाने म्हणाला. "रंगामुळे आतलं काही दिसेना. दोनदा ॲसिड वरून सांडलं. मग मीच डोकं चालवलं. म्हटलं, एक भोक पाडा आणि नळी बसवा."

"म्हणजे आधी डोळे फोडले आणि मग चष्मा विकत घेतला."

"आत्या," भाचा दबक्या आवाजात म्हणाला.

आत्याने खिशातून पातं काढून रेघेशेजारचा रंग खरवडला. खालची भिंत मधासारखी हवी होती. ती पांढुरकी झाली होती, हातभर रुंद. मग तिने नाणं काढलं आणि लांबून ठोकत आली. टण, टण, टण. रेघेपासून दोन विती अंतरावर आवाज बदलला. ठप, ठप. तिचा हात थांबला. भोकाचा काठ कुणी बंद केलेला नाही, हे तिला न उघडताच कळलं. कापलेल्या काठात काचेच्या हजारो धाग्यांची टोकं उघडी पडतात, आणि स्टोव्हच्या वातीत रॉकेल चढावं तसं त्या टोकांतून ॲसिड भिंतीत चढत जातं. आतली साय तशीच धडधाकट. मागचे धागे एकेक करून मरत जातात. आता एवढं ॲसिड कोण पेलत होतं? बाहेरच्या अंगाचे दोन-चार शाबूत थर.

"रिकामी करा," ती म्हणाली.

मॅनेजर हसला. "बाई, आज मालाची गाडी भरायची आहे. टाकी थांबली तर सगळी लाइन थांबते. बाहेरून एक पॅच मारून द्या. महिन्याभरात सुटी येईल तेव्हा बघू."

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला," आत्या म्हणाली. "बाहेरून पॅच! वा!"

"होईल, साहेब. जेवणाच्या आत होईल," भाचा घाईघाईने म्हणाला. तो स्टूल घेऊन आलाही होता. पॅच चिकटायचा तर खालचा भाग आधी घासून खडबडीत करावा लागतो, एवढं त्याला डिग्रीत शिकवलं होतं. त्याने स्टूल बरोबर रेघेसमोर ठेवलं, ग्राइंडरला लांब जोडवायर लावली, तिचा प्लग भिंतीवरच्या बोर्डात घातला आणि बसला. त्याचं तोंड आणि रेघ यांत हातभर अंतर होतं. जे दोन-चार थर आठ हजार लिटर ॲसिड धरून उभे होते, तेच हा गडी घासून काढणार होता, चेहरा पुढे करून.

 "अरे गाढवा, ऊठ तिथून!" ती ओरडली.

भाचा उठला नाही. मॅनेजरसमोर गाढव ऐकून त्याचे कान लाल झाले होते. "आत्या, आज तरी नको," तो मागे न बघता म्हणाला.

"अक्कलशून्य माणसा, हात लावू नकोस त्याला!"

त्याने ग्राइंडर उचललं. त्याच्या जागी दुसरा कुणीही असता तरी त्याने हेच केलं असतं. सत्तावीस वर्षं जी बाई रोलर उलटा धरला तरी गाढव म्हणते आणि चहा सांडला तरी अक्कलशून्य म्हणते, तिच्या तोंडून तेच शब्द आले तर त्यांत आज मरण आहे हे कळायचं कसं? आत्याने शिव्यांचा एवढा सढळ खर्च केला होता की नेमक्या वेळी तिच्याकडे एकही खरा शब्द शिल्लक नव्हता. तिने धावत जाऊन प्लग उपटला आणि वायर मनगटाला गुंडाळून घेतली.

"प्लग दे, आत्या."

"नाही देत."

मॅनेजर पेनाने घड्याळ ठोकत म्हणाला, "तुमच्याकडे नेहमी असंच चालतं का?" भाचा स्टुलावरून उठला आणि दुसरी जोडवायर कुठे आहे ते फिटरला विचारायला लागला. भिंतीवर ती होतीच, गुंडाळून टांगलेली. आत्याने ती पाहिली. मग तिने फिटरकडे पाहिलं, सकाळपासून पहिल्यांदा.

"ही टाकी रिकामी करायचा व्हॉल्व्ह कुठला?" तिने विचारलं. फिटरने टोपी सारखी केली. ती एक पाऊल पुढे आली. "मला माहीत नाही. तुम्ही सांगा."

'मला माहीत नाही' आणि 'तुम्ही', हे दोन्ही एका दमात तिच्या तोंडून बाहेर पडलेलं भाच्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्याचा वायरीकडे गेलेला हात थांबला.

"व्हॉल्व्ह माझ्या हाताखाली आहे," फिटर म्हणाला. तो किंचित अडखळत बोलत होता. "पण का उघडायचा, ते सांगा. मला कळू दे. मग उघडतो."

आत्याच्या जिभेवर ठरलेलं वाक्य आलं. कळत असतं तर विचारलं नसतंस. ते तिने दातांनी अडवलं, आणि मग बोलली. भोकाच्या काठातून ॲसिड कसं धाग्यांत चढलं, नाण्याचा आवाज कुठून कुठपर्यंत मेला आहे, आता टाकी कशावर उभी आहे, आणि ग्राइंडर लावलं तर काय होईल. पाच-सहा साधी वाक्यं झाली. बोलायला अर्धं मिनिट लागलं. "हा माझा भाचा आहे," ती शेवटी म्हणाली, "त्याच्या तोंडावर फुटेल." आवाज चिरका निघाला, आणि तिला त्याची लाजही वाटली नाही.

फिटरने मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर म्हणाला, "खबरदार. गाडी भरायची आहे." फिटर वाकला आणि त्याने व्हॉल्व्ह फिरवला. शेजारच्या विटांच्या हौदात ॲसिड धो धो पडायला लागलं. मॅनेजर बराच वेळ बडबडत राहिला, कुणाकुणाला फोन लावत राहिला. पण रेघेपासून वीस पावलं लांब जाऊन उभं राहायला तो विसरला नाही. अक्कल होती तर, फक्त स्वतःपुरती.

टाकी रिकामी झाली. पाण्याने तीनदा धुतली, पंखा लावून दुपार कलेपर्यंत आत हवा सोडली, हवा तपासली. मग आत्या तोंडाला मास्क आणि कमरेला दोर बांधून खालच्या झाकणातून आत शिरली. दोराचं दुसरं टोक फिटरने धरलं होतं, आणि भाचा झाकणाशी गुडघे टेकून दिवा दाखवत होता. आतली साय चार वर्षांनीही काचेसारखी गुळगुळीत होती. आत्याला क्षणभर बरं वाटलं. मग ती भोकाशी पोचली. नळीचा पाइप आधीच काढून ठेवला होता. तिने हातमोज्यातलं बोट भोकात घातलं आणि काठ चाचपला. काठ दाबला गेला. तिने जरा जोर लावला, तर सायीच्या मागे बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं, ओल्या पुठ्ठ्यात जावं तसं. तिथे काच नव्हती. ती बोट तसंच ठेवून उभी राहिली.

"हा काठ बंद करायची अक्कल नव्हती कुणाला?" ती आतून ओरडली. टाकीत आवाज घुमला.

"नव्हती," झाकणातून फिटरचा आवाज आला. "म्हणून तर विचारायला आलो होतो. तुमच्या शेडवर. माझ्या सुटीच्या दिवशी, चकती घेऊन."

आत्याने झाकणाकडे मान वळवली.

"तुम्ही म्हणालात, त्यात बोट घालून बस." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, झालेली गोष्ट सांगावी तसा सांगत होता. "मग मी परत येऊन काठाला उरलेला पांढरा रंग लावला. काहीतरी लावायला हवं, एवढं वाटत होतं. काय ते कळत नव्हतं."

कुणी हसलं नाही. आत्याचं बोट अजून भोकातच होतं. तिने ते बाहेर काढलं आणि दोर दोनदा ओढला, म्हणजे बाहेर घ्या.

परत येताना टेम्पोत भाच्याने शर्टाचं वरचं बटण काढलं. मग म्हणाला, "तू मला नुसतं सांगितलं असतंस तर मी लगेच उठलो असतो."

"सांगितलं होतं."

"नाही. तू मला गाढव म्हणालीस." थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, "आणि रंगाचं? ते तर चार वर्षांपूर्वी सांगता आलं असतं."  

शेडमध्ये चहाची वेळ झाली होती. तिच्या जागेवर ग्लास ठेवलेला होता, वर चकती. एक कामगार लाडात येऊन म्हणाला, "आत्याबाई, आज नवा माणूस आलाय. बोटाचा किस्सा होऊन जाऊ दे!" तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो आपला चहा घेऊन उठूनच गेला. मग तिने चकती उचलली, पालथी केली आणि पंच्याने चहाचे डाग पुसले. वरच्या बाजूचा पिवळा पडलेला रंग नखाने खरवडला. खाली पांढरा निघाला. कापलेल्या काठावरून तिने अंगठा फिरवला आणि थर मोजले: आधी टिश्यू, त्यावर दोन पातळ मॅट, मग जाड विणीचे थर एकाआड एक. साय इतकी नितळ की त्यात एकही बुडबुडा नाही. असा थर या शेडमध्ये एकच हात लावतो. अंधारात काम ओळखणारी बाई तीन वर्षं रोज दोनदा ही चकती उचलत होती, भर उजेडात. काखेत कळसा म्हणतात, तो हाच. तिला स्वतःची किळस आली.

तिने ग्लास बाजूला सारला. वाटीभर रेझिन घेतलं, हार्डनरचे थेंब मोजून टाकले, बारीक ब्रश घेतला आणि चकतीच्या काठाला लावायला बसली, सगळीकडून, एकही धागा उघडा न ठेवता. भाचा कोपऱ्यातल्या टेबलापाशी कारखान्याला पत्र लिहीत होता. तिच्याकडे बघून तो उठून आला आणि जरा लांबच थांबला. एका हाताने शर्टाचं वरचं बटण लावत म्हणाला, "आत्या, हे काय करतेस? आणि का?"

प्रश्न ऐकून सवयीने दोन-तीन कामगारांनी हसायची तयारी केली. आत्याने ब्रश वाटीवर टेकवला आणि शेजारचं स्टूल पायाने त्याच्याकडे सरकवलं.

"बस," ती म्हणाली. "सांगते. आणि तुम्ही पण या रे सगळे. त्या नव्या माणसालाही बोलवा."